पूर्वपक्षाची पाने

१

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी घरी आली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आणि पुढे पी.यू.सी. करून पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला गेलेली. नमस्कार झाला, फराळाची बशी समोर आली, घरच्यांची विचारपूस झाली. आणि मग तिने पिशवीतून स्पायरल बांधणीच्या दोन वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. एकीचे मुखपृष्ठ निळे, दुसरीचे लाल.

"सर, मूट कोर्टाची मेमोरियल्स आहेत. आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. इंग्रजीच्या चुका आमच्या मॅडमनी दाखवल्यात, पण मांडणीत काय चुकलं ते कळत नाही. तुम्ही वाचून बघाल का?"

मूट कोर्ट म्हणजे अभिरूप न्यायालय. विद्यार्थ्यांना एक काल्पनिक खटला देतात. त्यांनी कायदा धुंडाळायचा, पूर्वीचे निकाल शोधायचे, लेखी निवेदन तयार करायचे आणि परीक्षकांना न्यायमूर्ती समजून त्यांच्यापुढे उभे राहायचे. या लेखी निवेदनाला मेमोरियल म्हणतात. वाट्याला कोणती बाजू येईल हे आधी ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक संघाला दोन्ही बाजूंची निवेदने लिहावी लागतात. निळे अर्जदाराचे, लाल प्रतिवादीचे.

मी वकील नाही. मराठी विषय घेऊन एम.ए. झालो आणि पुढचे आयुष्य निबंध तपासण्यात गेले. पण कायद्याचे लेखन हेही अखेर लेखनच. त्याला आशय असतो, घाट असतो, वाचक असतो आणि त्या वाचकाला पटवायचे असते. तेव्हा कादंबरी किंवा कवितासंग्रह ज्या नजरेने वाचतो त्याच नजरेने या दोन वह्या मी वाचल्या. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. विषय कायद्याच्या विद्यार्थ्यांना संशोधन आणि लेखन कसे शिकवतात हा आहे. पण वाचता वाचता तो माझ्या वर्गापर्यंत येऊन पोचला, हे आधीच सांगून ठेवतो.

२

काल्पनिक खटला असा होता. एका राज्याने आदेश काढला की सर्व शाळांत पहिलीपासून राज्यभाषा सक्तीने शिकवावी. जी शाळा शिकवणार नाही तिची मान्यता जाईल. भाषिक अल्पसंख्याकांच्या एका शाळेने या आदेशाला आव्हान दिले. त्या राज्याला नाव काहीही दिलेले असो, बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलाला ते राज्य ओळखायला वेळ लागत नाही.

निळी वही बावीस पानांची होती, लाल वही नऊ पानांची. वाचण्याआधीच दोष हातात वजनाने कळत होता.

निळ्या वहीची पहिली तीन पाने मातृभाषेच्या महतीची. भाषा ही संस्कृतीची जननी, भाषा गेली की समाज पोरका होतो, वगैरे. इंग्रजीत होते, तरी वाक्ये ओळखीची वाटली. मग लक्षात आले की ती माझीच आहेत. नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेसाठी मीच तिला भाषण लिहून दिले होते. त्या भाषणाला ढाल मिळाली होती. ती अजून आमच्या कार्यालयातल्या कपाटात आहे. तिने त्या भाषणाचे इंग्रजी करून घटनापीठापुढे ठेवले होते.

पुढे घटनेची कलमे येतात. लिपी, भाषा आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क देणारे २९ वे, अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देणारे ३० वे, आणि प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची सोय करण्याचे कर्तव्य सांगणारे ३५०-अ. ही निवड योग्यच आहे. त्यानंतर निकालांची रांग लागते, आणि इथे समीक्षकाला थांबावे लागते.

तिचा मुख्य आधार २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. कर्नाटक सरकार विरुद्ध इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या व्यवस्थापनांची संघटना असे ते प्रकरण. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचे कर्नाटकाचे धोरण उचलून धरले होते. २०१४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले की प्राथमिक शाळेत मातृभाषा हे माध्यम म्हणून सरकारला लादता येणार नाही. मुलाने कोणत्या माध्यमातून शिकावे हे पालक ठरवतील. आता हा निकाल तिच्या अर्जदाराच्या कामाचा आहे यात शंका नाही, कारण तो सरकारच्या सक्तीला मर्यादा घालतो. पण तिने तो मातृभाषेचा विजय म्हणून मांडला होता. ज्या निवाड्याने मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती काढून टाकली, तो मातृभाषेचा विजय कसा? आमच्यासारख्या मराठी शाळांचे पट उतरतात ते पालकांच्या याच निवडीने. मी विचारले, "अगं, निकाल पूर्ण वाचलास का?" ती म्हणाली, "हेडनोट वाचली, सर."

हेडनोट म्हणजे निकालाच्या डोक्यावर संपादकाने छापलेला सारांश. तो न्यायमूर्तींनी लिहिलेला नसतो आणि निकालाचा भागही नसतो. आमच्याकडे पाठ्यपुस्तक न उघडता गाईडवर पास होणारी मुले असतात, त्यातलाच हा प्रकार.

यापेक्षा मोठी गोष्ट मात्र त्या बावीस पानांत जे नव्हते तिच्यात होती.

उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा २००४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. महाराष्ट्रात गुजराती भाषिक अल्पसंख्याकांनी चालवलेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांना मराठी हा विषय सक्तीचा केला होता. त्यांचे म्हणणे, २९ आणि ३० या कलमांनी आम्हांला संरक्षण आहे, आम्हांला मराठीची सक्ती करता येणार नाही. न्यायालयाने ते मानले नाही. प्रादेशिक भाषा न शिकण्याचा हक्क असा काही या कलमांतून निघत नाही, दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या भाषिक अल्पसंख्याकांनी तिथली भाषा शिकणे उचितच आहे आणि तिला विरोध केला तर ते मुख्य प्रवाहापासून तुटतील, असा त्या निकालाचा आशय आहे.

वाचकांच्या लक्षात आले असेलच. मुंबईतल्या गुजराती शाळेच्या जागी बेळगावची मराठी शाळा ठेवा, मराठीच्या जागी कन्नड ठेवा, आणि निकाल पुन्हा वाचा. अर्जदाराच्या विरुद्ध सर्वांत मोठे हत्यार हेच आहे, आणि निळ्या वहीत त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. लाल वहीत एका ओळीत नाव होते, चर्चा नव्हती.

"हा निकाल तुला सापडला नव्हता का?"

"सापडला होता, सर. मुद्दामच घेतला नाही. तो आपल्या विरुद्ध जातो."

फेरीत एका परीक्षकांनी पहिलाच प्रश्न या निकालावर विचारला. तो इथे लागू होत नाही, असे ती म्हणाली. का होत नाही, असे त्यांनी विचारले, तेव्हा तिच्याजवळ उत्तर नव्हते. पुढची दहा मिनिटे कशी गेली ते तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

विचारणार तरी कोणत्या तोंडाने? २००४ साली तो निकाल आला तेव्हा मी तरुण शिक्षक होतो. पुढच्या फेब्रुवारीत मराठी दिनाच्या कार्यक्रमात मी त्याच निकालाचे गुणगान गायले होते. सर्वोच्च न्यायालयाने मराठीचा मान राखला, असे म्हणालो होतो, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. निकाल मी वर्तमानपत्राच्या बातमीत वाचला होता, आणि बेळगावात बसून वाचला होता. तरीही तो आपल्यालाही लागू पडतो हे माझ्या मनात आले नाही. तिने निदान मुद्दाम वगळला. मला तो दिसलाच नव्हता.

३

आता ही मुलगी ज्या शिक्षणातून जाते आहे ते पाहू.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी कायद्याच्या अभ्यासक्रमात चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले: दस्त आणि कैफियती तयार करणे, व्यावसायिक नीती, पर्यायी तंटानिवारण, आणि मूट कोर्ट व इंटर्नशिप. हे पाऊल चांगलेच होते. पण गुणांची वाटणी बघा. पहिल्या विषयात दावा, अर्ज, नोटीस, खरेदीखत, मृत्युपत्र अशा मसुद्यांच्या लेखनाला नव्वद गुण. मूट कोर्टाला, तीन फेऱ्या धरून, तीस. त्यांतले निम्मे तोंडी युक्तिवादाला. म्हणजे एक मुद्दा घेऊन त्यावर संशोधन करून, विचार करून, सलग युक्तिवाद लिहिण्याला या आराखड्यात पंधरा गुण उरतात.

मसुद्यांचे लेखन हलके आहे असे मी म्हणत नाही. चतुःसीमा चुकली तर तीन पिढ्या कोर्टात जातात, हे आपल्या गावांना सांगायला नको. पण मसुदा नमुन्यावरून उतरवता येतो. नाव, गाव, तारीख बदलली की झाले. युक्तिवाद असा उतरवता येत नाही, आणि जे उतरवता येत नाही ते शिकवायला वेळ, माणसे आणि चिकाटी लागते. तपासलेली वही परत देऊन पुन्हा लिहायला लावणे, त्यावर बोलणे, तिसऱ्यांदा लिहून घेणे हे साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एका शिक्षकाने कसे करावे? मी स्वतः निबंधाच्या वह्यांच्या गठ्ठ्याखाली दबलेला माणूस आहे. त्या प्राध्यापकांची अडचण मला समजते.

मग वर्गात एक सूत्र दिले जाते. इंग्रजीत इश्यू, रूल, ॲप्लिकेशन, कन्क्लूजन, आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून 'आयरॅक'. आधी प्रश्न मांडा, मग नियम सांगा, नियम वस्तुस्थितीला लावा, निष्कर्ष काढा. हे सूत्र अमेरिकेतल्या कायदाशाळांत रुळलेले आहे. आपल्याकडेही त्याला मोठा आधार मिळाला. २०२२ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध अजयकुमार सूद या प्रकरणात हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्याचे इंग्रजी इतके दुर्बोध होते की नेमके काय ठरवले तेच कळेना. ते प्रकरण परत पाठवताना न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी निकाल कसा लिहावा याचा जणू एक पाठच घालून दिला. परिच्छेदांना क्रमांक द्या, भाषा सोपी ठेवा, ज्याच्या आयुष्याचा निवाडा होतो त्या माणसाला तो कळला पाहिजे, असे त्याचे सार. आणि त्यातच या चार पायऱ्यांची शिफारस आहे. वकील, न्यायाधीश आणि भाषेचा शिक्षक या तिघांनीही वाचावा असा तो निकाल आहे.

पण माझी तक्रार अशी आहे. त्या निकालात वकिलांच्या युक्तिवादांचे सार मांडणे गृहीत धरले आहे. न्यायाधीशापुढे दोन बाजू असतातच. तेच सूत्र विद्यार्थ्याच्या वहीत उतरते तेव्हा बाजू एकच असते. प्रश्न माझा, नियम मला सोयीचा, तो लावणारा मी आणि निष्कर्ष आधीच ठरलेला. चार पायऱ्यांपैकी एकीवरही विरुद्ध पक्ष भेटत नाही. निळी वही या सूत्राबरहुकूम होती. प्रत्येक मुद्द्याखाली चारही पायऱ्या नीट होत्या आणि कागदोपत्री दोष काढायला जागा नव्हती. तरीही ती पहिल्या प्रश्नाला कोसळली.

संशोधनाचेही तसेच. पूर्वी विद्यार्थ्याला ग्रंथालयात निकालांचे जाडजूड खंड काढावे लागत. आता संगणकावर शब्द टाकला की शंभर निकाल समोर येतात. ही सोय मोठी आहे, पण शब्द कोणता टाकायचा हे मनाचा कल ठरवतो. 'अल्पसंख्याकांचे हक्क' असे शोधणाऱ्याला एक यादी मिळते, 'राज्यभाषेची सक्ती' असे शोधणाऱ्याला दुसरी. शोधायचे कसे हे शिकवताना 'आपल्याविरुद्ध काय आहे ते आधी शोधा' हे कोणी तरी सांगायला हवे. अमेरिकेतल्या वकिलांच्या आदर्श आचारनियमांत तर असे आहे की त्या न्यायालयावर बंधनकारक असलेला आपल्याविरुद्धचा निकाल समोरच्या वकिलाने दाखवला नाही, तर तो आपणच न्यायालयाच्या नजरेस आणून द्यावा. त्याच देशात २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचून दिलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. यंत्राने त्यांना हवे ते दिले, आणि ते हवेहवेसे असल्यामुळेच मूळ उघडून पाहण्याची गरज त्यांना भासली नाही. आमच्या मुलीने खोटे काही लिहिले नव्हते. पण हवे तेवढेच बघण्याची वृत्ती दोन्हीकडे आहे.

४

या चार पायऱ्या वाचताना मला आपल्याकडचा एक जुना घाट आठवत होता. मीमांसकांनी वादग्रस्त वचनाचा अर्थ ठरवण्यासाठी 'अधिकरण' नावाची रचना केली. तिची पाच अंगे: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निर्णय. कोणत्या वचनाची चर्चा आहे, त्यात शंका कोणती, त्या शंकेवर विरोधकाचे म्हणणे काय, त्याला उत्तर काय, आणि शेवटी ठरले काय. आयरॅकशी ताडून पाहिले तर बाकीची अंगे थोड्याफार फरकाने जुळतात. पूर्वपक्षाला मात्र तिकडे स्वतंत्र पायरी नाही.

आणि हा पूर्वपक्ष नावापुरता नसे. विरोधकाचे म्हणणे लेखकाने स्वतःच, विरोधकाला मान्य होईल अशा रीतीने, पूर्ण बळानिशी मांडायचे. तो दुबळा मांडला तर सिद्धान्तही दुबळा ठरे. धर्मशास्त्रावरच्या टीका आणि निबंधग्रंथ या शिस्तीत वाढले. हिंदू वारसा कायद्यात ज्याचे नाव इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी शेकडो वेळा घेतले तो 'मिताक्षरा' हा ग्रंथ विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणात लिहिला. म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात. कन्नड आणि मराठी जिथे एकमेकींत मिसळतात त्या मुलखातला हा ग्रंथ आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात निघाले. त्यांतले कोणतेही प्रकरण उघडा. स्वतःला न पटणारे मत ते आधाराच्या स्थळांसह देतात आणि मगच आपला कौल सांगतात. कायद्यातले संशोधन कसे असावे हे पाहायचे तर हा मराठी माणसाचा नमुना घरातच आहे.

संस्कृत दूरचे वाटत असेल तर मराठीत या. मराठेशाहीतल्या निवाडपत्रांत आधी वादी म्हणजे अग्रवादी याची तकरीर येते, मग प्रतिवादी म्हणजे पश्चिमवादी याची. मग साक्षीपुरावा, आणि त्यानंतर निवाडा. दोघांचेही म्हणणे कागदावर चढल्याखेरीज निवाडा होत नसे. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. त्यात अशा कागदांचा सविस्तर विचार आहे. हरलेल्या माणसाची तकरीरही त्या कागदात राहते. शंभर वर्षांनी कोणी तो वाचला तर हरलेल्याचे म्हणणे काय होते हे त्याला कळते.

आजच्या न्यायालयातही ही शिस्त एका रूपाने टिकून आहे. खंडपीठात एखाद्या न्यायाधीशाला बहुमत मान्य नसेल तर त्याचा वेगळा निकाल त्याच ग्रंथात, त्याच टाइपात छापतात. १९७६ मध्ये आणीबाणीच्या काळातल्या जबलपूर प्रकरणात न्यायमूर्ती हंसराज खन्ना चाराविरुद्ध एक असे उभे राहिले. त्यांचे मत तेव्हा हरले, पण छापले गेले. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा बहुमताचा निकाल मोडीत काढला. एक्केचाळीस वर्षे ती पाने ग्रंथालयाच्या फडताळात वाट पाहत होती. ती छापलीच नसती तर पुढच्या पिढीच्या वकिलाने काय वाचले असते?

५

ती मुलगी त्या सुट्टीत आणखी तीन वेळा आली. मी तिला एकच काम सांगितले. "लाल वही आधी लिही. निळी बाजूला ठेव. तू सरकारची वकील आहेस आणि तुला जिंकायचं आहे, असं समज." ती नाराज झाली. "सर, त्यांच्या बाजूनं लिहिताना हात चालत नाही." मी म्हटले, "म्हणूनच लिही."

दुसऱ्या खेपेस तिने आणलेली लाल वही अठरा पानांची होती. त्यात उषा मेहता निकाल पाच पाने चर्चिलेला होता. कर्नाटकाचा २०१५ चा कन्नड भाषा शिक्षण अधिनियम होता, आणि त्याच्या शेजारी महाराष्ट्राचा २०२० चा मराठीच्या सक्तीच्या अध्यापनाचा अधिनियम. सीमेच्या दोन्ही बाजूंना, पाच वर्षांच्या अंतराने, एकाच आशयाचे दोन कायदे. ते एका पानावर पाहिल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. राज्यभाषा न आलेल्या मुलाला तलाठी कार्यालयापासून पोलीस चौकीपर्यंत कसे अडखळावे लागते, नोकरीच्या परीक्षेत तो कसा मागे पडतो, हेही तिने लिहिले होते. आणि ते पुस्तकातून घेतले नव्हते. तिच्या वडिलांना उताऱ्यावरचे कन्नड वाचून घ्यायला शेजाऱ्याकडे जावे लागते. सरकारची बाजू इतकी खरी मांडलेली मी कुठल्याही भाषणात ऐकलेली नाही, आणि ती मांडली होती एका मराठी मुलीने.

मग तिने निळी वही नव्याने लिहिली. मातृभाषेची तीन पाने गेली. सुरुवातीलाच तिने मान्य केले की राज्याची भाषा मुलांनी शिकावी हे तत्त्व न्यायालयाने २००४ मध्ये स्वीकारले आहे आणि अर्जदार त्याला विरोध करीत नाही. एवढे मान्य केल्यावर वाद आखूड आणि टोकदार झाला. उषा मेहता प्रकरणात प्रश्न तीन भाषांपैकी एक म्हणून मराठी शिकण्याचा होता. इथे सक्ती पहिलीपासून आहे, मूल स्वतःची अक्षरे गिरवत असतानाच आहे. आणि न पाळल्यास शाळेची मान्यताच जाते. राज्याचा हेतू रास्त असला तरी तो साधायला एवढे मोठे शस्त्र लागते का? चौथी-पाचवीपासून, चांगले शिक्षक देऊन, तो साधणार नाही का? २०१४ चा निकालही आता योग्य जागी बसला: मातृभाषेचा विजय म्हणून नव्हे, तर सरकारी सक्तीला मर्यादा आहे याचा दाखला म्हणून.

समीक्षक म्हणून सांगायचे तर ही वहीही निर्दोष नाही. वाक्ये अजून लांब आहेत. 'कोणत्या वर्गापासून' या मुद्द्याला तिने शिक्षणशास्त्राचा आधार द्यायला हवा होता, तो दिलेला नाही. शेवटच्या दोन पानांत जुने भाषण पुन्हा डोके वर काढते. पण पहिली वही वाचताना मी मनातल्या मनात माना डोलावत होतो आणि तरी मला काही पटले नव्हते. दुसरी वाचताना मी पानोपानी अडत होतो, वाद घालत होतो, आणि अखेरीस बहुतेक पटलो. माझ्यासारख्या आधीच पटलेल्या माणसाला निळ्या वहीची गरजच नव्हती. ती ज्याच्यासाठी लिहायची तो वाचक मराठी नाही, आपल्या सभांना येत नाही, आपले अंकही वाचत नाही.

ही गोष्ट आपल्या सर्वांच्या लेखनाला लागू आहे असे मला वाटते. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ मध्ये. इतक्या वर्षांत आपण निवेदने, ठराव, अग्रलेख आणि कविता किती लिहिल्या! मीही लिहिल्या आहेत. पण कर्नाटकाचे म्हणणे नेमके काय आहे, त्यातले सर्वांत बळकट कलम कोणते, हे एखाद्या मराठी लेखात सरळपणे मांडलेले शोधू गेलो तर माझ्या स्वतःच्या कात्रणांच्या फायलीत तरी एकही मिळाले नाही. ती फाईल मी त्या आठवड्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. विरुद्ध बाजू मांडणे म्हणजे फितुरी, अशी एक समजूत आपल्यात नकळत रुजली आहे. कोर्टात उभा राहणारा वकील असे मानत नाही. विरोधकाचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगले सांगता आले तरच आपले म्हणणे टिकेल, हे त्याला धंद्याने शिकवलेले असते. निदान शिकवायला हवे.

कायद्याच्या महाविद्यालयांना माझ्यासारख्याने सूचना करणे हे लहान तोंडी मोठा घास घेण्यासारखे आहे. तरी दोन गोष्टी सुचवतो. आयरॅक ठेवावे, पण त्यात पाचवी पायरी घालावी: आपल्याविरुद्धचा सर्वांत बळकट निकाल आणि त्यावरचे आपले उत्तर. आणि विद्यार्थ्याला ज्या बाजूची ओढ आहे तिच्याविरुद्धचे निवेदन त्याच्याकडून आधी लिहून घ्यावे. यासाठी इमारत लागत नाही, संगणकही लागत नाही. लागतात ते वह्या परत देणारे शिक्षक.

माझ्या शाळेपुरते जे हातात होते ते केले. या जूनपासून नववीच्या मराठीच्या तासाला महिन्यातून एक निबंध असा लिहून घेतो की पहिले पान स्वतःच्या मताविरुद्ध असले पाहिजे. पहिला विषय दिला: 'आमच्या गावातल्या पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात?' मुलांनी कुरकूर केली. एका पालकांनी शाळेत येऊन विचारले, "सर, हे तुम्ही मुलांना काय शिकवताय?" मी त्यांना बसवून घेतले, त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले, आणि मग माझे सांगितले. ते पटून गेले असे म्हणणार नाही. पण जाताना मुलाची वही मागून घेतली आणि उभ्या उभ्या दोन्ही पाने वाचली.

त्या मुलीच्या महाविद्यालयात यंदा पुन्हा मूट कोर्ट आहे. खटला वेगळा आहे, पाणीवाटपाचा. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "सर, लाल वही आधी लिहायला घेतलीय."